कडुनिंबाखालची काचमावशी

काचमावशीला माणसांची नावं लक्षात राहत नसत, काचा लक्षात राहत. मी घाटंजी-पांढरकवडा रस्त्यावर काळी-पिवळी चालवायचो. कित्येक वर्षं तिच्याकडे जात राहिलो, पण तिने मला एकदाही नावाने हाक मारली नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा जीपच्या समोरच्या काचेवर गिट्टी बसून अर्ध्या चंद्राच्या आकाराचा टवका उडाला होता. तेव्हापासून मी तिच्यासाठी 'अर्धा चांद' झालो. पाटणबोरीकडचा एक धिप्पाड, मिशाळ ट्रकवाला होता. त्याच्या काचेवर टवक्यापासून चहूबाजूंनी बारीक तडे फुटले होते, म्हणून तो 'चांदणी'. भर हायवेवर, चारचौघांत ती त्याला म्हणायची, "ये रे चांदणी, लाव गाडी सावलीत," आणि तो गडी मुकाट्याने गाडी लावायचा.

पांढरकवड्याच्या बाहेर, हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला एक जुना कडुनिंब होता. त्याच्याखाली एक बाकडं, एक पत्र्याची पेटी, पाण्याचा माठ आणि मावशी. दुकान म्हणावं असं काही नव्हतंच. पाटी नव्हती, टपरी नव्हती. लहान चणीची, काळीसावळी बाई. पदर कमरेला खोचलेला आणि चेहऱ्यावर कायम नुकतीच कुठून तरी लांबून चालत आल्यासारखा थकवा. ती हसली तरी तो थकवा जात नसे. त्या वर्षांत आम्ही सगळेच थकलेले होतो म्हणा. कपाशीची बोंडं बाहेरून ठणठणीत दिसायची आणि आतून किडलेली निघायची. लोकांनी बाजाराला जाणं कमी केलं होतं, त्यामुळे माझी जीपही अर्धी रिकामीच धावायची. तिच्या त्या सावलीत बसलं की निदान दुसरा माणूसही तितकाच दमलाय एवढं तरी कळायचं.

ही विद्या तिला हैदराबादेत मिळाली. शेतात काही उरलं नाही तेव्हा नवरा-बायको लेकराला घेऊन तिकडे मजुरीला गेले होते. नवरा गाड्यांच्या काचा बसवण्याच्या दुकानात हमाली करायचा, ही तिथेच झाडलोट. एकदा एका कारागिराला घाई झाली, त्याने पिचकारी जास्त पिळली आणि गिऱ्हाईकाच्या काचेला तडा गेला. मालक वैतागून म्हणाला, यापेक्षा झाडणारी बाई बरी, तिचा हात तरी शांत आहे. तो चिडून बोलला होता, पण मावशीने ते बोलणं खरं धरलं आणि दुसऱ्या दिवसापासून कारागिराच्या बाजूला जाऊन उभी राहायला लागली. पुढे नवरा तिकडेच तापाने गेला. ती पोराला आणि काचकामाच्या हत्यारांची ती पत्र्याची पेटी घेऊन परत आली. त्यावर ती फार बोलायची नाही. फक्त एक वाक्य तिच्या तोंडून मी अनेकदा ऐकलं: "हैदराबादनं माह्या घरचा एक मानूस घेतला. दुसरा नाई देत मी."

दुसरा म्हणजे तिचा मिलिंद. त्याच्याकडे नंतर येतो.

तिचं काम बघत बसणं हा आमचा उद्योग होता, कारण बसण्यावाचून इलाजच नसायचा. समोरची काच म्हणजे दोन काचा आणि मधे प्लास्टिकचा पापुद्रा. दगड लागतो तो बाहेरच्या काचेला. टवक्यात हवा शिरते, म्हणून तो चमकतो, आणि मग खड्ड्यांचे धक्के आणि ऊन खाऊन खाऊन त्याचा तडा होतो. मावशी ती हवा ओढून काढायची आणि तिच्या जागी रेझिन भरायची. ती त्याला दवा म्हणायची. आधी बारीक सुईने टवक्यातली धूळ टिपायची, मग रबरी वाट्यांचा एक घोडा काचेला चिकटवायचा, त्यात पिचकारी बसवायची. पिचकारी थोडी पिळायची, थांबायचं, सैल करायची, म्हणजे आतली हवा बुडबुडा होऊन वर येते. पुन्हा पिळायची. पुन्हा थांबायचं. हे चालू असताना ती काचेला नाक लावून अशी उभी राहायची की एखाद्याला वाटावं, आत कुणी बसलंय आणि ही त्याचं कुजबुजणं ऐकतेय.

पण याच्याही आधी सावली. आमच्याकडच्या उन्हात उभ्या गाडीच्या काचेवर हात ठेववत नाही. तशा काचेत दवा दाबली की तडा सरसर पळतो, आणि ऊन लागलं की दवा भरण्याआधीच दगड होते. म्हणून कुणीही येवो, मावशी काचेवर तळहात ठेवायची आणि म्हणायची, "गरम हाये. बसा." एवढंच. मग तासभर बसायचं. माझ्या जीपमधले पॅसेंजर कातावायचे. एकदा घाटंजीची एक बाई तिला म्हणाली, "मावशी, आमचा बजार उठून जाईन ना." मावशी म्हणाली, "उठू दे. तसंबी बजारातून काय घेऊन राह्यले तुमी आजकाल?" बाईला राग यायला हवा होता, पण ती फस्सकन हसली आणि चप्पल काढून बाकड्यावर मांडी घालून बसली.

दवा भरली की उलटा प्रकार. आता ऊनच हवं, म्हणजे ती घट्ट होते. इंजिन चालू करायचं नाही, काच थरथरते. त्यामुळे टवक्यावर प्लास्टिकचा पातळ तुकडा चिकटवून मावशी सगळ्यांना खाली उतरवायची आणि जीप सावलीतून उन्हात ढकलायला लावायची. बाजाराच्या पिशव्या सावलीत ठेवून म्हातारे, बाया, दवाखान्यातून परत चाललेली माणसं, सगळे मिळून गाडीला हात लावायचे. "हळू रे बाप्पा हो, नवरी हाये ते," मावशी म्हणायची. भाडं देऊन वर गाडी ढकलायची, तरी माझ्या पॅसेंजरांनी कधी कुरकुर केली नाही. मला वाटतं, त्या वर्षांत कुठली तरी एक गोष्ट आपल्या हाताने नीट झालेली बघायला मिळायची, तेवढ्यावर ते खूश असायचे.

आलेलं प्रत्येक काम ती घ्यायचीच असं नाही. ड्रायव्हरच्या अगदी नजरेसमोर टवका असला की सरळ नाही म्हणायची, कारण भरलेल्या जागी डाग राहतो आणि समोरच्या गाडीचा उजेड त्यात फुटतो. तडा काचेच्या कडेला पोचला असेल तरी नाही. आणि काम घेतलंच तर आधी बजावायची, "डाग जानार नाई. मंग मले म्हनू नको डाग दिसून राह्यला." आमचे लोक डाग जाईल या आशेनेच यायचे, हिरमुसून जायचे आणि पुढच्या टवक्याला पुन्हा यायचे.

तिचा पारा चढायचा तो चुन्याने. आमच्या भागात ड्रायव्हरच्या खिशात तंबाखू-सुपारीचा खर्रा नाही असं होत नाही, आणि चुन्याची डबी तर हाताशीच. काचेवर टवका उडाला की धूळ आत जाऊ नये म्हणून आम्ही सगळे बोटाच्या पेरावर चुना घ्यायचो आणि टवक्यात दाबायचो. कुणी शिकवलं देव जाणे, पण वणीपासून घाटंजीपर्यंत सगळे हेच करायचे. एकदा चुना आत वाळला की सुईनेही निघत नाही आणि दवा पुढे सरकत नाही. असा पांढरा टवका दिसला की मावशी सुई पेटीत टाकायची, बाकड्यावर बसायची आणि त्या माणसाकडे न बघता म्हणायची, "अजून लाव. कातबी लाव. मंग बायकोले म्हन, काच रंगली." मी पहिल्या वेळी तोच चुना लावून गेलो होतो. त्यामुळे माझा अर्धा चांद कायमचा दुधी राहिला आणि त्यावरून ती मला आयुष्यभर ऐकवत राहिली.

दुसरा वैरी कापूस. हंगामात जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्या दोन्ही बाजूंनी फुगून चालायच्या. त्यांच्यातून उडालेला कापूस हायवेवर भुरभुरत असायचा. दवा ओली असताना एखादा तंतू येऊन चिकटला की तो आत अडकलाच. माझ्या काचेवर असाच एक तंतू वर्षानुवर्षं होता, वाकडा, केसासारखा. तो अडकला तेव्हा मावशी बराच वेळ हातातला चिमटा तसाच धरून उभी राहिली. मग म्हणाली, "शेतात यानं पिच्छा सोडला नाई, इथीसाबी सोडून नाई राह्यला."

आणि टवके उडायचे कशाने? गिट्टीचे डंपर तर होतेच. पण त्या वर्षांत आमच्या जिल्ह्याची पाहणी करायला येणाऱ्यांच्या गाड्याही फार झाल्या होत्या. कपाशी कशी मेली हे बघायला एकामागून एक गाड्या भरधाव जायच्या आणि रस्त्याकडेची गिट्टी आमच्या काचांवर उडवायच्या. मावशी लांबूनच तो ताफा बघायची आणि पेटी उघडायची. "आले पाहनारे. आता दोन-तीन चांदण्या येतीन माह्याकडं," म्हणायची. आणि यायच्याच.

आता मिलिंद. तिचा पोरगा पंचविशीतला, आईसारखाच कमी बोलणारा, अंगाने मजबूत. दुसऱ्याची शेती बटईने, अर्ध्या वाट्यावर करायचा. कपाशीने दोनदा दगा दिल्यावर बटईलाही कुणी शेत देईना. गावातली त्याच्या बरोबरीची पोरं हैदराबादला निघाली होती, तोही निघण्याच्या गोष्टी करायला लागला. मावशी वरून शांत असायची, पण तिला त्या दिवसांत नीट झोप लागत नसावी. पिचकारी पिळताना मधेच थांबून विचारायची, "अर्ध्या चांदा, तुह्या घाटंजीत नाई का रे काही काम पोराजोगं?" घाटंजीत काय असणार? मी इकडचं तिकडचं बोलून वेळ मारून नेई.

तेवढ्यात हायवे रुंद करायचं काम आलं. रस्त्याकडेच्या झाडांवर पांढरे पट्टे मारले गेले, आमच्या कडुनिंबावरही. झाडं पाडायला ठेकेदाराला माणसं हवी होती, आणि मिलिंदला करवत चालवता येत होती. झाडं पाडून झाली की पुढे त्याच ठेकेदाराकडे रस्त्याचं काम, म्हणजे दोन-तीन वर्षांची निश्चिंती, आणि रोज संध्याकाळी घरी परत. मुकादम स्वतः त्याला विचारायला आला. मिलिंदने नाही म्हणून सांगितलं. त्याला मिळणाऱ्या टप्प्यातच तो कडुनिंब होता. तो म्हणाला, "मायची सावली कापू का मी? त्याच्यापेक्षा हैदराबाद बरं."

याच सुमारास मावशीचे डोळे गेले. म्हणजे आम्हाला तसं कळलं. एका दुपारी माझ्याच जीपवर नवा टवका घेऊन मी गेलो होतो. मिलिंद बाकड्यावर बसला होता. मावशीने रबरी घोडा चिकटवला, पिचकारी लावली, पिळली, आणि दवा टवक्याच्या बाजूने काचेवरून ओघळत खाली आली. घोडा बोटभर बाजूला बसला होता. तिने हाताने चाचपून बघितलं आणि पिचकारी काढून ठेवली. "पाह्य, हे असं होऊन राह्यलं," ती म्हणाली. "बारीक त आता दिसतच नाई. बंदच करनार होती मी पुढच्या महिन्यात." मिलिंद उठला आणि त्याने फडक्याने काच पुसली. दुसऱ्या दिवशी तो मुकादमाकडे गेला.

आम्हा ड्रायव्हर लोकांना फार वाईट वाटलं. चांदणी तर चिडलाच. त्याने ठरवलं, झाड पाडायच्या दिवशी सगळ्या गाड्या कडुनिंबाभोवती लावायच्या, बघू कोण करवत लावतं. मीही तयार झालो. मावशीच्या कानावर गेलं तेव्हा ती तिच्या घरून चालत, आमच्या गाड्या थांबायच्या त्या फाट्यावर आली. "कायले करून राह्यले हे?" ती म्हणाली. "तुमी गाड्या लावान, काम अडन, अन् मुकादम पयले माह्या पोराले काढन. झाड आज नाई त उद्या जाईन. काही लावू नका बाप्पा हो." ती हात जोडेल की काय अशी भीती वाटली, म्हणून आम्ही लगेच हो म्हणालो.

झाड पडलं तेव्हा मी तिथे होतो. मिलिंदने वर चढून दोर बांधला, आधी फांद्या उतरवल्या. मावशी पलीकडच्या चहाच्या टपरीपाशी उभी होती. मिलिंद खोडाला करवत लावण्याआधी तिच्याकडे बघत होता, आणि ती डोळे बारीक करून भलतीकडेच, लांब शेतांकडे बघत होती. बिचारीला आपला पोरगा कुठे उभा आहे हेही कळत नाही, असं माझ्या मनात आलं. झाड आडवं झालं आणि त्या जागी एकदम इतका उजेड झाला की आम्ही सगळ्यांनीच डोळ्यांवर हात धरले.

त्यानंतर काही महिने मी तिकडे फिरकलो नाही. रस्त्याचं काम, धूळ, वळणं, आणि जीप चालवण्यात मनही लागत नव्हतं. तो शेवटचा टवका न भरलेलाच राहिला होता, आणि काच बदलायची माझी ऐपत नव्हती. मग एका संध्याकाळी तिला भेटून यावं म्हणून तिच्या घरी गेलो. जीप बरीच अलीकडे, बोळाच्या तोंडाशी उभी केली. मावशी दारात तुरीची डाळ घेऊन बसली होती. मी उतरून दोन पावलं टाकतो तोच ती तिथूनच म्हणाली, "अर्ध्या चांदा, तडा कोन्यात गेला नं रे. अन् मंधातून अजून एक फाटा फुटला."

मी वळून काचेकडे पाहिलं. तडा मला माहीत होता. दुसरा फाटा मी पहिल्यांदा बघितला, केसाइतका बारीक, तोही काचेजवळ जाऊन.

मी परत येऊन तिच्यासमोर बसलो. "मावशी, डोळे?"

ती बोळाकडे बघून घेत हळूच म्हणाली, "डोळ्याले काय होते? पोट्टा आयकतच नव्हता. हैदराबाद, हैदराबाद लावलं होतं त्यानं." मग डाळ चाळवत म्हणाली, "तुही काच म्या जानून बिघडवली. तू बोंबलनार नाई म्हनून तुही धरली. लय दिवस मनात होतं."

मला तिचा राग येणं शक्यच नव्हतं. उलट एकदम हुरूप आला. मी म्हणालो, "मग चाल ना घाटंजीले. आमच्या स्टँडच्या मागं चिंच हाये, मोठी. कोणी कापत नाई तिले. मी सगळ्या गाड्यावाल्याईले सांगतो."

"चिंचीची सावली गर्द असते," ती लगेच म्हणाली. "काच लवकर थंडी होते." तिचे हात डाळीवर थांबले होते आणि बोटं पिचकारी धरावी तशी जुळली होती. ती मनाने तिथे जाऊन पोचली होती, मला दिसत होतं. मग तिने हात सुपात घातले. "पन नाई."

"काहून?"

"त्याले सांगतलं ना, डोळे गेले म्हनून. आता घाटंजीले जाऊन काम कराले लागली त त्याले काय समजन? का आपल्या मायचं काम आपन आपल्या हातानं कापलं. असंच ना?"

"कधी तरी समजनच ना मावशी."

"मी आहो तवरीक नाई," ती म्हणाली. ती होती तोवर मीही कुणापाशी बोललो नाही.

एवढ्यात मिलिंद आला. अंगावर डांबर आणि धूळ, पण चेहरा पूर्वीपेक्षा भरलेला. मला राम राम घातला आणि आईच्या पुढ्यातलं सूप बघून वैतागला. "माय, तुले किती डाव सांगतलं? दिसते का तुले?" त्याने हातपाय धुतले, सूप आपल्याकडे ओढलं आणि दारातल्या उरल्यासुरल्या उजेडात, मान खाली घालून, मनापासून डाळ निवडायला लागला. मावशी भिंतीला टेकून, रिकामे हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत बसली. त्याच्या मोठ्या बोटांतून एक खडा सुटला आणि निवडलेल्या डाळीत गेला. मी त्याला सांगणार होतो, तेवढ्यात मावशीने माझ्या हातावर हात ठेवला.

"होऊन राह्यली का रे निवडून?" तिने त्याला विचारलं.

"हो," तो म्हणाला. "एक खडा नाई ठेवला."

"बरं झालं बाप्पा," मावशी म्हणाली, आणि डाळ घेऊन चुलीकडे गेली.